गरम सीट

स्वारगेटहून पहाटेच्या एसटीने मी आणि मेस्त्री जुनी गाडी बघायला साताऱ्याला निघालो. घरात माणसं आठ आणि खिसा बेताचा. या हिशेबात बसणारी गाडी एकच, ओम्नी. 1984 साली आलेली ही व्हॅन 2019 साली बंद झाली. हिंदी सिनेमात तिनं माणसं पळवली, आमच्या गल्लीत गॅस सिलिंडर आणि वऱ्हाडं वाहिली.

खंबाटकीचा घाट मेस्त्रींनी घोरत काढला. सातारा आलं तसे उठून म्हणाले, ‘‘साहेब, तिथं तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. तुम्ही हसलात की पाच हजार वाढले.’’

व्हॅन मालकाच्या, आबांच्या, दारातच होती. नुकती धुतलेली, आरशाला लिंबू-मिरची. आबा म्हणाले, ‘‘आठ दिवस हात लावला नाही, पण बघा, हाफ सेल्फला उठतीय.’’ किल्ली फिरली, गाडी उठली आणि मी हसलो. त्याच आनंदात ड्रायव्हर सीटवर बसलो आणि टुणकन उठलो.

‘‘मेस्त्री, सीट गरम लागतेय!’’

त्यांनी सीट उचलली. ओम्नीचं 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. ‘‘आबा, ही आठ दिवस झोपली होती की सकाळीच कासला जाऊन आली? गरम इंजिन कुणाचंही उठतं. थंड उठलं तर खरं.’’

मग खिशातून त्यांनी फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती काढला. छतावर चिकटला, दारावर चिकटला. दाराखालच्या पट्टीवर मात्र सुळकन घसरला. पत्रा सडलेला, वर लांबी भरलेली. तिथं बाप्पांनीही हात टेकले.

तरी एक चक्कर मारून बघायला निघालो. यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्याच वळणाला मागं निळा धूर. मेस्त्री म्हणाले, ‘‘पेट्रोलबरोबर ऑइलही पितीय.’’

‘‘घाटात धुकं असतंय,’’ आबा म्हणाले.

‘‘निळं?’’

एवढ्यात माझ्या हातातला कंदी पेढा पडला. शोधायला मॅट उचललं, तर खाली थेट डांबरी रस्ता पळताना दिसला. पेढा यवतेश्वराला पोचला होता.

आरसी बुक मात्र चोख. चासी नंबर जुळला, पंधरा वर्षांनंतरचं पासिंगही झालेलं. मेस्त्री म्हणाले, ‘‘कागद झकास आहे. पण कागदात बसून गावाला जाता येत नाही.’’

दुपारच्या एसटीने परत आलो. तेव्हा सांगून ठेवतो: जुनी व्हॅन बघायला न कळवता जा, सकाळी लवकर जा, आणि किल्ली मागण्याआधी सीटवर नुसतं बसून बघा.