अधिक-उणे काका

चाचणीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत एक अधिक-उणे काका असतात. आमचे भोसरीला. त्यांना काहीही सांगा, ते विचारतात, "अधिक-उणे किती?" मुलीच्या पत्रिकेत 36 पैकी 27 गुण जुळले म्हणून घरात पेढे आले, तर यांनी गुरुजींना विचारलं, "सत्तावीस, अधिक-उणे किती?" गुरुजींनी दक्षिणा न मोजताच खिशात घातली आणि निघाले.

आमच्याकडे अँटेना तपासायचं, मोटारीवर फिरणारं टेबल आहे. अँटेना त्यावर ठेवायची, टेबल फिरवायचं आणि कोणत्या कोनात किती सिग्नल मिळतो ते टिपायचं. कोन सांगतो टेबलाखालचा एन्कोडर. तो खरं बोलतो की नाही, हे काका सांगणार. पडद्यावर 90.00 असा सुबक आकडा आला की मी खूष. काका चष्मा कपाळावर ढकलतात. "एका फेऱ्यात याच्या 4096 पायऱ्या. म्हणजे एक पायरी 0.088 अंशाची. मग दशांशानंतरचा हा दुसरा आकडा कुणी दिला? ज्योतिषानं?"

मग लाकडी पेटीतून आठ तोंडांचा आरसा निघतो. काकू पाटल्यासुद्धा इतक्या जपत नसतील. आरसा टेबलाच्या मधोमध बसतो, समोर आरशाचं तोंड नेमकं समोर आलं का ते दाखवणारी ऑटोकोलिमेटरची दुर्बीण. एका तोंडापासून पुढच्या तोंडापर्यंत 45 अंश, म्हणजे एन्कोडरच्या 512 पायऱ्या. भरतात कधी 511, कधी 513. मला वाटतं, एन्कोडर गेला. काकांना वाटतं, आता कुठे मैफल रंगतेय. एन्कोडर टेबलाला एकास एक गिअरनं जोडलेला. तो गिअर मधापासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा सरकून बसला, तरी 50 मिलिमीटर त्रिज्येवर 0.11 अंशाचा घोटाळा. अर्धा फेरा पुढे, उरलेला अर्धा मागे. आठही तोंडांची बेरीज मात्र बरोबर 4096. काकांचा जगात ज्यावर पूर्ण विश्वास आहे अशी ही एकच गोष्ट. फेरा पुरा झाला की 360. तिथे ते अधिक-उणे विचारत नाहीत.

गिअरच्या दात्यांत प्ले, म्हणजे थोडी मोकळीक असते, म्हणून टेबल कोनावर आणायचं ते नेहमी एकाच बाजूनं. जरा पुढे गेलं तर नुसतं मागे ओढून भागत नाही; चांगलं पाच अंश मागे नेऊन पुन्हा पुढे आणायचं. काका स्कूटरही अशीच लावतात. चाक रेघेच्या पुढे गेलं की स्कूटर दारापर्यंत मागे नेतात आणि नव्यानं येतात. मागे उभा असलेला कुरिअरवाला तोवर दोन पाकिटं वाटून येतो. देवळातली प्रदक्षिणा एकाच दिशेनं का, याचंही कारण त्यांच्या मते प्ले हेच. इथे मी विषय बदलतो.

टेबलाचं काम संपायला अख्खा दिवस गेला. आठ तोंडं, दोन्ही दिशांनी, तीन तीनदा. शेवटी चुकांचा तक्ता संगणकात भरला आणि काकांनी टेबलावर स्टिकर डकवला. आजची तारीख, पुढची तारीख, सही.

स्टिकर चांगलाच तिरका लागला होता. मी बोललो नाही. बोललो असतो, तर किती अंशांनी तिरका हे मोजून झाल्याशिवाय चहा मिळाला नसता.