‘पुढे काय?’ विचारणाऱ्या काकांस खुले पत्र

ती. काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा वास्तुशांतीच्या पंगतीत मी बी.ए.ला तत्त्वज्ञान मेजर घेतल्याचं आपल्याला कळलं आणि जिलेबीकडे निघालेला आपला हात थबकला. “अगं, मग पुढे काय?” हे आपण इतक्या खणखणीत आवाजात विचारलंत, की मठ्ठा वाढणाराही जागीच थांबला. उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपण विषयाची टर उडवलीत, पण बोललात अगदी नैयायिकासारखं. न्यायदर्शनात अनुमानाला पाच पायऱ्या लागतात. आपण एका घासात पाचही चढलात. ही बेकार राहणार (प्रतिज्ञा). कारण हिने तत्त्वज्ञान घेतलंय (हेतू). जो तत्त्वज्ञान घेतो तो बेकार राहतो, जसा आपल्या सोसायटीतला तो दाढीवाला (उदाहरण). हीही त्यातलीच (उपनय). म्हणून ही बेकार राहणार (निगमन). गौतम ऋषींनी पाठ थोपटली असती.

एकच बारीक अडचण आहे. धूर दिसला की अग्नी असतोच. पण अग्नी दिसला म्हणून धूर निघेलच असं नाही. त्यासाठी सरपण ओलं लागतं. शास्त्रात याला उपाधी म्हणतात. आमच्या विषयातून बेकारीचा धूर कुठल्या ओल्या सरपणामुळे निघतो, हे पाहायला एकदा विभागात याच. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, शिकवणारे तासिका तत्त्वावर. (सध्या तेवढं एकच तत्त्व आम्हाला प्रात्यक्षिकासह शिकायला मिळतं.)

राधाकृष्णन तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते, म्हटलं तर आपण “ते वेगळे” म्हणणार. बरं, राहू दे. अंमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारणारे प्रतापशेठ तर कापड गिरणीचे मालक, म्हणजे आपल्यासारखेच धंद्यातले. पुढे साने गुरुजीही तिथे अभ्यासाला आले. शेठजींना जमाखर्च कळत नव्हता, असं आपलं अनुमान असल्यास त्याच्याही पाच पायऱ्या कळवाव्यात.

काकूंना नमस्कार.

आपली (अजून तरी) आज्ञाधारक पुतणी

ता. क. : आपल्या इंजिनिअर चिरंजीवांचा, म्हणजे दादाचा, काल रात्री फोन आला होता. यूपीएससीला त्याने ऐच्छिक विषय तत्त्वज्ञान घेतलाय. दोन पेपर, ५०० गुण, आणि अभ्यासक्रम आटोपशीर, म्हणून. न्यायदर्शनाच्या माझ्या नोट्स त्याला तातडीने हव्या आहेत. पाठवते. झेरॉक्सचे पैसे आपल्याकडून घ्यायला सांगितलंय.