निगमवासी

नैर्ऋत्य कोलकात्यातील बेहाला या उपनगरात, डायमंड हार्बर रोडच्या दुतर्फा, राजकारणी माणसाचा जो एक उत्क्रांत प्रकार आढळतो, त्यास 'निगमवासी' म्हणणे उचित ठरेल. निगम म्हणजे सरकारी मालकीची कंपनी, अर्थात महाराष्ट्रातील महामंडळ. कैलासवासी मनुष्य प्रपंचातून सुटतो, पण वर्षश्राद्धाच्या मानातून सुटत नाही. तद्वत निगमाच्या अध्यक्षपदी बसवलेला निगमवासी निवडणुकीतून सुटतो, परंतु गाडी, शिपाई व नामफलक यांतून सुटत नाही.

या प्रकाराला स्थानिक इतिहासाचा उलटा आधार आहे. बेहालातीलच बडिशा येथील सावर्ण रायचौधरी या जमीनदार घराण्याने 10 नोव्हेंबर 1698 रोजी सुतानुटी, कलकत्ता व गोविंदपूर या तीन गावांचा हक्क 1300 रुपयांस ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, आणि पुढे त्याच कंपनीत 1750 मध्ये कारकून म्हणून आलेला वॉरन हेस्टिंग्ज 1772 मध्ये बंगालचा गव्हर्नर झाला. अलीकडेही अँड्र्यू यूल कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून आलेले पार्थ चटर्जी 2001 मध्ये बेहाला पश्चिमचे आमदार आणि 2011 मध्ये राज्याचे उद्योगमंत्री झाले. कंपनीने सरकारला दिलेल्या या भेटींची परतफेड निगमवासी करतो, इतकेच.

त्याचे खरे शिक्षण 'पाडा'क्लबात, म्हणजे आळीच्या मंडळात होते. दुर्गापूजेची वर्गणी कोणाकडून किती, कोणत्या सुरात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी मागावी, हे ज्याला कळले त्याला वित्तव्यवस्थापन वेगळे शिकावे लागत नाही, असे तो मानतो. 1961 साली स्थापन झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था याच रस्त्यावर पुढे जोका येथे आहे. तिच्या फाटकावरून तो इतक्या मिरवणुका घेऊन गेलेला असतो, की ते शास्त्रही आपल्याला जाता-येता अवगत झाले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

संचालक मंडळाच्या बैठकीत तो 'बंधुभगिनींनो' म्हणून उभा राहतो, लेखापरीक्षकास विरोधी पक्षनेता समजून आधी चहा पाजतो व मग त्याच्यावर बहिष्कार घालतो, आणि तोटा हा कायम मागील सरकारच्या काळातील असतो, मग मागील सरकार त्याच्याच पक्षाचे का असेना. ताळेबंद, म्हणजे ठरावीक तारखेची देणी-घेणी मांडणारा तक्ता, तो शेवटच्या पानापासून उघडतो, कारण सही तेथे करावयाची असते. कर्मचाऱ्यांची नावे मात्र त्याला प्रभागासह पाठ असतात. कोणाचा चुलता कोणत्या मतदान केंद्रावर बसतो, हेही.

सायंकाळी क्लबात कॅरमपाशी त्याला अध्यक्षमहाशय कोणी म्हणत नाही, 'दादा'च म्हणतात, आणि या शब्दाचे मराठीतील दोन्ही अर्थ तेथे चालतात. पोटनिवडणुकीची कुणकुण लागली, की तो खिशातून निगमाचा ताळेबंद काढतो, त्याच्या कोऱ्या पाठीवर प्रभागवार मतांची बेरीज मांडतो, आणि ती पहिल्याच फटक्यात जुळते.