आमच्याकडून ओके आहे

रात्री साडेनऊला भाचा लॅपटॉप काखोटीला मारून दारात उभा. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला प्रोजेक्टचं सबमिशन, आणि पायथॉनचं एक पॅकेज दुपारपासून इन्स्टॉल व्हायला तयार नाही. रूमवरचं नेट भंगार आहे असं निदान करून साहेब मामाचं वायफाय वापरायला आले होते. चपला काढता काढता पासवर्ड विचारला. पाणी नंतर.

दहा मिनिटांनी आतून आवाज आला, "मामा, तुझं पण नेट गंडलंय."

दुपारपासून त्यानं चौकशी मात्र चोख केली होती. नेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आमच्याकडून ओके आहे, राउटर बंद करून चालू करा. रूमच्या मालकांना विचारलं. त्यांच्याकडे सिरियल न अडकता चालू होती, म्हणजे त्यांच्याकडूनही ओके. मित्र म्हणाला, माझ्या मशीनवर दोन मिनिटांत झालं बुवा, म्हणजे पॅकेजही ओके. आपल्याकडे तक्रार निवारण नावाची जी काही सोय आहे, ती या तीन शब्दांवर उभी आहे. सगळ्यांकडून ओके असतं, फक्त काम होत नसतं.

"नेट नाहीये हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"नेट आहे की. हे बघ." त्यानं फोन पुढे केला. त्याच वायफायवर एक मांजर कुणाच्या तरी लग्नात नाचत होतं. "फक्त पॅकेजपुरतं नाहीये."

मी चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसलो. पडदा लालेलाल. एरर वाचायची आपली पद्धत विम्याच्या कागदांसारखी असते: वरचं सगळं सोडायचं, शेवटी सही कुठे करायची तेवढं बघायचं. भाच्यानंही शेवटची ओळ तेवढी वाचली होती. ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड.’ त्यावरून त्यानं निष्कर्षही काढून ठेवला होता. "मामा, पॅकेजच काढून टाकलंय बहुतेक त्यांनी."

पिपचा हा जुना खोडसाळपणा. पायथॉनची पॅकेजं आणून देणारा हा गडी भांडारापर्यंत पोचूच शकला नाही, तर त्याच्या हातात आवृत्त्यांची यादी रिकामी राहते. मग तो रिकाम्या यादीत तुमचं पॅकेज शोधतो आणि इमानदारीत सांगतो की नाही बुवा सापडलं. मंडईत जाताना वाटेतच सायकल पंक्चर झाली आणि घरी येऊन सांगितलं की मंडईत भाजीच नाही, त्यातला प्रकार. पंक्चरची हकिगत वरच्या ओळींत असते. तिथे ‘रिट्राइंग’ लिहून पुढे आकडा असतो: चार, तीन, दोन, एक, शून्य. गडी पाच वेळा पुन्हा जाऊन येतो आणि दर खेपेला कशामुळे अडलं ते लिहून ठेवतो. तेवढं सोडून आपण बाकीचं सगळं वाचतो.

नेटवर्कची एरर म्हणजे नकार असतो, आणि नकारांचे प्रकार ज्याची मुलगी किंवा मुलगा लग्नाचा झालाय त्याला शिकवावे लागत नाहीत. पहिला प्रकार, स्थळाचं घरच सापडलं नाही. ‘नेम रिझॉल्यूशन’ असे शब्द दिसले की समजायचं, नावावरून पत्ता काढून देणारी डीएनएसची खिडकी बंद आहे. तिथे तात्पुरतं ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लावून बघावं, लगेच कळतं. दुसरा, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. घर सापडलं, बेल वाजवली, आणि दारातच ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून वाटेला लावलं. मनाला लागतं, पण उत्तर तरी मिळतं: त्या दारामागे घ्यायला कुणी बसलेलं नाही, किंवा आपणच चुकीचं दार वाजवलंय. तिसरा सगळ्यात वाईट, ‘टाइम्ड आउट’. म्हणजे ‘आम्ही कळवतो’. ना हो, ना नाही. वाटेत एखादी फायरवॉल बसलेली असते, ती आपला निरोप गिळते आणि ढेकरही देत नाही. पिप मुळात पंधरा सेकंद थांबतं. संथ नेटवर ती मुदत वाढवून फरक पडतो, पण गिळणाऱ्यापुढे शंभर सेकंद थांबलात तरी शंभर सेकंदच जातात. चौथा प्रकार, भेट झाली, चहा झाला, पण माणसं खरी वाटेनात. ती सर्टिफिकेटची एरर.

चार नकार, चार कारणं, चार उपाय. आपण मात्र चारही रोगांवर एकच काढा देतो: राउटर बंद करून चालू करा. अधूनमधून गुण येतो, म्हणून काढ्याची कीर्ती टिकून आहे. एखादा जाणता असेल तर तो पिंग करून बघतो आणि विजयी मुद्रेनं सांगतो, पिंग तर लागतंय! लागू दे की. हाक मारल्यावर माडीवरून ‘ओ’ आली म्हणजे खालचं दार उघडलं असं होत नाही.

हॉटेलातलं आणि कॉलेजातलं वायफाय ही आणखी वेगळी जात. तिथे आधी मोबाइल नंबर, मग ओटीपी, मग अटी मान्य. तोवर तुम्ही काहीही मागा, हातात लॉगिनचं पान पडतं. माणसाला ते पान दिसतं. पॅकेज आणणारा गडी ते पानच पॅकेज समजून उघडायला जातो आणि शिक्का जुळत नाही म्हणून बोंबलतो. उबुंटू-डेबियनवरच्या ‘ॲप्ट’ला मात्र याचा अनुभव दिसतो. सहीची फाइल वाचता आली नाही की तो कंसात नम्रपणे विचारतो, या नेटवर्कला लॉगिन लागतं का? इतका नेमका प्रश्न मला अजून एकाही कस्टमर केअरनं विचारलेला नाही.

ऑफिसातली तऱ्हा तिसरीच. बाहेर जाणारं सगळं प्रॉक्सी नावाच्या दरवानाकडून जातं. कुणीतरी त्याचा पत्ता तुमच्या खात्यात लिहून देतो, सगळं नीट चालतं. मग इन्स्टॉल करायला अधिकार कमी पडतो म्हणून तुम्ही आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावता आणि नेट गायब. कारण सुडो तुम्हाला साहेब करतो, पण बहुतेक ठिकाणी जुन्या वातावरणातल्या गोष्टी बाहेरच ठेवतो, त्यात दरवानाचा पत्ताही जातो. बढती मिळाल्यावर जुन्या ओळखी विसरणं ही खोड संगणकात माणसाकडूनच आली असणार. शिवाय पायथॉनच्या भांडाराची यादी एका पत्त्यावर आणि माल दुसऱ्या. ऑफिसनं यादीच्या पत्त्याला परवानगी दिली आणि मालाच्या पत्त्याला विसरलं, की यादी मिळते, माल नाही. आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कधीकधी खरोखरच आपल्याकडून ओके असतं, तेही नमूद केलं पाहिजे. २०१४ च्या अखेरीस दूरसंचार खात्यानं ३२ संकेतस्थळं बंद करायला सांगितली, त्यात गिटहब होतं. मागणी मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाची, आदेश मुंबईतल्याच न्यायालयाचा. जगभरचे प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात तिथे अतिरेकी मजकूर सापडला म्हणून सगळी पेठच बंद. त्या आठवड्यात ज्यानं ज्यानं राउटर बंद करून चालू केला, त्याच्या श्रद्धेला नमस्कार. आणि ८ जून २०२१ ला फास्टली या कंपनीचं जाळं कोसळलं. पायथॉनचं भांडारही याच जाळ्यावरून वाटप करतं. एका ग्राहकानं आपल्या सेटिंगमध्ये नियमात बसणारा एक बदल केला आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जवळपास महिनाभर दबा धरून बसलेला दोष जागा झाला. ८५ टक्के जाळं एरर देऊ लागलं. ४९ मिनिटांत त्यातलं बहुतेक सगळं ताळ्यावर आलं, आणि दोष आमच्याच सॉफ्टवेअरचा होता हे कंपनीनं त्याच दिवशी जाहीर लिहून टाकलं. ग्राहकाच्या नावानं बोटं मोडायची इतकी सोन्यासारखी संधी सोडणाऱ्या कंपनीचं आपल्याकडे कसं व्हायचं, कळत नाही.

पण भाच्याच्या रात्री ना पथक आडवं आलं होतं ना फास्टली. मी लाल ओळींतली वरची ओळ बोटानं दाखवली. "वाच."

"सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड," तो वाचू लागला आणि लगेच उजळला. "हां, हे माहितीये! मित्रानं यावर एक कमांड दिलीये. ट्रस्टेड होस्ट असं लिहायचं, की ते तपासतच नाही. सगळे तेच करतात."

सगळे तेच करतात, हे खरंच आहे. वॉचमन अनोळखी माणसाला अडवतो म्हणून वॉचमनच्याच डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि मग सोसायटीत ये-जा किती सुरळीत झाली म्हणून खूश व्हायचं. समोरचा खरोखर पायथॉनचं भांडार आहे की वाटेत बसलेला कुणी भामटा, हे ठरवायला तेवढा एकच पुरावा असतो. आणि इथे आपण पेढा मागवत नसतो. आलेलं पॅकेज आपल्याच संगणकावर, आपल्याच अधिकारानं चालणार असतं. मित्राची ती कमांड नेटमध्ये काहीच दुरुस्त करत नाही. ती फक्त तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करते. आपल्याकडे या पद्धतीनं बरेच प्रश्न सुटलेले असल्यामुळे तिच्याबद्दल कुणाला वावगं वाटत नाही.

"ओळ पूर्ण वाच," मी म्हटलं.

"सर्टिफिकेट इज... नॉट येट व्हॅलिड." तो थांबला. "नॉट येट? म्हणजे अजून सुरूच झालं नाहीये? त्यांनी उद्याची तारीख टाकलीये का?"

"त्यांनी?"

मी लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. बाहेर एप्रिल तापला होता, पंखा पाचवर होता, आणि लॅपटॉपच्या मते अजून गेल्या वर्षीची दिवाळी चालू होती.

संगणकाचं घड्याळ चुकायला कारणं बरीच असतात. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते आणि प्रत्येक वेळी चालू करताना तो कुठल्यातरी जुन्या सालात जागा होतो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स नांदत असले, तर एक घड्याळात आपली वेळ ठेवतो आणि दुसरा ग्रिनिचची समजून वाचतो, त्यामुळे भारतात बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. चूक असूनही इतकी वक्तशीर! आणि सर्टिफिकेटला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा असतात. २०२० च्या सप्टेंबरपासून ही मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांची झाली आणि २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायचं ठरलं आहे. पूर्वी घड्याळ वर्षभर मागे राहिलं तरी खपून जायचं. यापुढे संगणकालाही चालू काळात राहावं लागणार. माणसांना तशी सक्ती अजून तरी नाही.

"तुझ्या लॅपटॉपची बॅटरी गेली असणार," मी उदारपणे म्हणालो.

भाचा गप्प. कानामागे खाजवू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "बॅटरी नाही गेली. ते मीच केलंय."

"काय?"

"परवा. प्रोजेक्टच्या डायग्रामसाठी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं ट्रायलवर. तीस दिवस फुकट. ते संपत होतं. मग तारीख मागे नेली. आणि आपोआप वेळ लावायचं बटण बंद केलं, नाहीतर ते परत पुढे येतं ना."

म्हणजे एक सॉफ्टवेअर फसावं म्हणून यानं काळ मागे नेला, आणि त्या काळात जन्मालाच न आलेल्या सर्टिफिकेटबद्दल दुपारपासून नेटवाल्याला जाब विचारत होता. नेटवाला खरंच बोलत होता. मालकही. मित्रही. माझं वायफाय तर निर्दोष सुटलं. सगळ्यांकडून ओके होतं, आणि राहिलेला एकमेव इसम माझ्या शेजारी बसून चिवडा खात होता.

तारीख दुरुस्त केली. बटण चालू केलं. तीच आज्ञा पुन्हा दिली. पट्टी सरसर भरत गेली आणि पाऊण मिनिटात पॅकेज बसलं. भाच्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ते लिहिलं होतं. लॅपटॉप मिटला, पाणी प्यायला, बाइकला किक मारून गेला.

पावणेबाराला फोन.

"मामा, ते डायग्रामवालं उघडतच नाहीये. ट्रायल एक्स्पायर्ड म्हणतंय."

"मग?"

"काही नाही," तो म्हणाला. "इथलं नेट भंगार आहे. येऊ का परत?"