सेल्फस्टडीकर

आमच्या सोसायटीत सध्या सगळ्यात जास्त माणसं कोणत्या एका कामाला जुंपली असतील, तर ती तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या सेल्फ स्टडीला. सीए इंटरचा दुसरा ग्रुप तो क्लास न लावता, कोणाची मदत न घेता, स्वतःच्या बळावर देतोय. त्यासाठी त्याची आई पहाटे पाचला उठते. बाबा आवाज बंद करून बातम्या बघतात. धाकटी बहीण फॉर्म्युल्यांची वही घेऊन त्याला प्रश्न विचारते. खालच्या घरात दुपारी दोन ते पाच मिक्सर लावायचा नाही असं ठरलंय, कारण खरी परीक्षा याच वेळेत असते आणि डोक्याला तशी सवय लागायला हवी. मोबाइलचा गजर तो झोपेतच बंद करतो, म्हणून वॉचमन साडेपाचला वर येऊन बेल दाबतो. बाकी सगळं तो एकटा करतो.

त्याला आम्ही सेल्फस्टडीकर म्हणतो. खरं नाव सांगून उपयोग नाही. तुमच्याकडच्याचं वेगळं असेल.

क्लासबद्दल त्याची मतं कडक आहेत. "काका, क्लास म्हणजे स्पून फीडिंग. इन्स्टिट्यूटचं मॉड्यूल तीनदा वाचलं की विषय संपला." हे ऐकायला फार बरं वाटतं. १९४९ च्या कायद्यानं उभी राहिलेली ही सीएंची संस्था, तिनं स्वतःच छापलेलं मॉड्यूल, वेबसाइटवर फुकट. शिवाय रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट पेपर, जुन्या पेपरांची उत्तरं, सगळं आहे. क्लासची सक्ती नाही. पण सेल्फस्टडीकराच्या टेबलावर मॉड्यूल सगळ्यात खाली असतं. त्याच्यावर मित्रानं दिलेला, एका क्लासच्या लेक्चर्सचा पेन ड्राइव्ह, त्याच्यावर दुसऱ्या क्लासचे चार्ट्स, आणि मोबाइलवर निरनिराळ्या सरांचे टेलिग्राम ग्रुप. क्लास न लावल्यामुळे त्याला महाराष्ट्रातले आणि दिल्लीतले मिळून जितके क्लास माहीत आहेत, तितके क्लासला जाणाऱ्याला माहीत नसतात. लेक्चर तो दुप्पट वेगानं ऐकतो. त्यामुळे जिन्यात भेटला की तोही तसाच बोलतो.

फायनान्शियल मॅनेजमेंटचं पुस्तक त्यानं अप्पा बळवंत चौकातून जुनं आणलं. ते मी पाहिलंय. आधीच्या मालकानं पहिल्या प्रकरणात तीन रंगांच्या रेघा मारल्या आहेत, दुसऱ्यात दोन रंगांच्या, रेशो अ‍ॅनालिसिसमध्ये नुसत्या पेन्सिलीच्या. कॉस्ट ऑफ कॅपिटलपासून पुढे पानं कोरी करकरीत. सेल्फस्टडीकराला वाटतं, पुस्तक अगदी नव्यासारखं मिळालं.

वेळापत्रकाला त्याचा एक आठवडा जातो. पट्टी, चार स्केचपेनं, मोठा कार्डशीट. त्यावर पहिलं वाचन, पहिली रिव्हिजन, दुसरी रिव्हिजन, मॉक टेस्ट, बफर डे अशी खाती पडतात. बफर डे म्हणजे मागे पडलेलं भरून काढायचे दिवस. ते सगळ्यात आधी वापरून संपतात. पेपर सहावा: एफएम पन्नास मार्कांचं आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट, म्हणजे एसएम, पन्नास मार्कांचं. कार्डशीटवर एफएमला बावीस दिवस. एसएमच्या रकान्यात फक्त "दीड दिवस". विचारलं तर म्हणाला, "ते काय, थिअरी. गोष्टीसारखं वाचायचं." हे दीड दिवस सीएवाल्यांच्या जगात ठरलेले आहेत. एक पेपर संध्याकाळी पाचला सुटतो, मध्ये एक दिवस जातो आणि परवा दुपारी दोनला पुढचा. त्या मधल्या वेळेत आख्खा विषय डोक्यातून फिरवायचा. दीड दिवसाच्या गणपतीसारखाच प्रकार: विषय घरी येतो, आरती होते न होते तोच विसर्जन.

मधे काही महिने तो नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत जायचा. तिथं सगळे एमपीएससीवाले. चहाच्या टपरीवर एकानं त्याला विचारलं, "तुमची परीक्षा कधी?" हा म्हणाला, "जानेवारी, मे, सप्टेंबर. वर्षातून तीनदा." तो मुलगा बराच वेळ बोललाच नाही. मग त्यानं खात्री करून घेतली, "म्हणजे तारीख जाहीर होते, आणि त्याच तारखेला खरंच पेपर होतो?" त्या दिवशी चहाचे पैसे सेल्फस्टडीकरानं दिले.

त्याचं खरं सामर्थ्य पाहायचं तर त्याच्या हातात कॅल्क्युलेटर असताना पाहावं. परीक्षेत बारा आकड्यांपर्यंतचा साधा कॅल्क्युलेटर चालतो आणि त्यावरून सीएवाल्यांत सिटिझनवाले आणि कॅसिओवाले असे दोन पंथ पडले आहेत. आमचा सिटिझनवाला. मला दाखवायला त्यानं एकदा टेबलावरचे कप बाजूला सारले. "काका, पाच वर्षं दर वर्षाअखेर एक रुपया मिळणार आहे. व्याजदर बारा टक्के. आज त्याची किंमत किती?" मी घटकाभर विचार करावा एवढा मान त्यानं मला दिला. मग एक, भागिले, १.१२, आणि बरोबरची कळ पाच वेळा: टक टक टक टक टक. दर टकीला पडद्यावरचा रुपया आणखी आक्रसत गेला, ०.८९, ०.७९, ०.७१. शेवटी त्यानं जीटी, म्हणजे ग्रँड टोटलची कळ दाबली. ३.६०४७. "पाच रुपये म्हणजे खरे साडेतीनच्या आसपास. कॅसिओवाल्यांना भागाकार दोनदा दाबावा लागतो," असं म्हणताना त्याच्या आवाजात जी करुणा होती, ती मी कीर्तनकारांच्याही आवाजात ऐकलेली नाही.

पैशाची ही काळानुसार झिजणारी किंमत एकदा डोळ्यांत भरली की माणूस घरात शांत बसू शकत नाही. त्यानं पहिला हात आईच्या भिशीला घातला. बारा बायका, दरमहा दोन हजार, म्हणजे दर महिन्याला कोणाला तरी चोवीस हजार. एक टक्का महिना धरून त्यानं कॅल्क्युलेटर चालवला. पहिला नंबर लागणारीला चोवीस हजार आज मिळतात. शेवटची अकरा महिने थांबते, तिच्या चोवीस हजारांची आजची किंमत साधारण साडेएकवीस. "आई, ही अडीच हजारांची लूट आहे! पहिली बाई बिनव्याजी कर्ज घेते आणि शेवटची बिनव्याजी ठेव ठेवते. तू पहिला नंबर घे."

आई पोहे भिजवत होती. "पहिलाच घेते मी. तुझ्या शाळेची फी जूनमध्ये असायची, ती कुठून भरली वाटतं तुला? आमच्यात आधी गरज विचारतात, चिठ्ठ्या नंतर."

"आणि शेवटचीचं नुकसान?"

"तिच्याकडे खाऊ करायची पाळी लावत नाही आम्ही. बारा बायकांचा खाऊ, कर हिशेब."

त्यानं केला. बटाटेवडे आणि कॉफी धरून फिटंफाट होत होती. "हे मॉड्यूलमध्ये नाही," एवढंच म्हणून तो खोलीत गेला. बहिणीनं त्या दिवशी त्याला प्रश्न विचारायचे सोडून आईला विचारले, आणि खेळत्या भांडवलाचे निम्मे प्रश्न आईनं सोडवले. वाण्याचं खातं महिनाअखेर, दूधवाल्याचं दहा तारखेला, बाबांचं पेन्शन एक तारखेला. उधारी मिळते किती दिवसांची आणि पैसा अडकतो किती दिवस, हे सांभाळतच ती या घरात नांदलीय. तिला फक्त कॅश ऑपरेटिंग सायकल हे नाव माहीत नव्हतं. नाव कळल्यावरही तिच्यात काही फरक पडला नाही.

आजीचा अभ्यास डिव्हिडंड डिसिजन्सपर्यंत आलाय. तो मोठ्यानं वाचतो आणि तिला दुपारी झोप लागत नाही, एवढ्या भांडवलावर. गॉर्डनचं म्हणणं त्यानं तिला सांगितलं: कंपनीनं आज हातावर ठेवलेला लाभांश गुंतवणूकदाराला उद्याच्या मोठ्या वायद्यापेक्षा प्यारा असतो, कारण उद्याचा भरवसा कोणी द्यावा? आजी म्हणाली, "मग? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागेल?" यावर त्यानं मोदिग्लियानी आणि मिलर काढले. १९६१ साली त्यांनी मांडलं की लाभांश दिला काय आणि ठेवून घेतला काय, शेअरच्या किमतीला फरक पडत नाही. फक्त कर नसावेत, दलाली नसावी आणि सगळ्यांना सगळी माहिती सारखीच असावी.

"असा बाजार कुठं असतो?" आजीनं विचारलं. तिची सगळी हयात तुळशीबागेच्या मागच्या गल्लीत गेली आहे.

"नसतो. पण नोबेल त्यांनाच मिळालं. मोदिग्लियानींना १९८५ साली, मिलरना १९९०."

"आणि त्या गॉर्डनला?"

"नाही मिळालं."

"बघ," आजी म्हणाली, "खरं बोलणाऱ्याला कोण देतंय!"

घरात अवघड विषय एकच, माळ्यावरच्या नोट्सचा. जुन्या अभ्यासक्रमात एफएमबरोबर अर्थशास्त्र असायचं. सेल्फस्टडीकरानं त्याच्या नोट्स काढल्या त्या अशा की छापखान्यानं लाजावं. राष्ट्रीय उत्पन्नाचे आलेख, प्रत्येक रेघ वेगळ्या रंगात. मग २०२३ साली नवी योजना आली, मे २०२४ पासून अर्थशास्त्राच्या जागी एसएम बसलं आणि त्या वह्या एका रात्रीत पोरक्या झाल्या. आई म्हणते रद्दीला घाल. तो घालत नाही. गंमत म्हणजे संक कॉस्ट हे प्रकरण त्याचं सगळ्यात पक्कं. गेलेला खर्च गेला, पुढचा निर्णय घेताना तो धरायचाच नाही. वह्यांना हा नियम तो लावत नाही. वडिलांना लावतो. परवा वडील जरा दबकत म्हणाले, "अरे, आजवर यात तुझी किती वर्षं गेली, याचा विचार..." तर हा शांतपणे म्हणाला, "बाबा, ती संक कॉस्ट. निर्णयात फक्त पुढचे कॅश फ्लो बघायचे." आणि पुढचे कॅश फ्लो बघितले तर सीए होण्यासारखं दुसरं काही नाही, हे मान्यच करावं लागतं. हे शास्त्र न समजलेला माणूस कधीही परीक्षेला बसणं थांबवू शकतो, पण शास्त्र समजलेल्याला थांबायला जागाच नाही. वडिलांनी टीव्हीचा आवाज आणखी कमी केला. तो आधीच बंद होता.

जानेवारीचा निकाल मार्चमध्ये लागला. कॉस्टिंग ५६, ऑडिट ४४, एफएम-एसएम ४६. प्रत्येक पेपरात चाळीस लागतात, ते होते. ग्रुपची बेरीज तीनशेपैकी दीडशे लागते, ती १४६ झाली. "चार मार्कांनी गेला," हे वाक्य त्या दिवशी लिफ्टमध्ये, गच्चीवर, भाजीवाल्याकडे सगळीकडे ऐकू आलं. ज्यांनी तीन महिने मिक्सर लावला नव्हता, त्यांना तो स्वतःचाच निकाल वाटला आणि त्यांनी "आपले चार कमी पडले" असं म्हटलं. एकाही पेपरात साठ नव्हते, नाहीतर त्या पेपरचं एक्झम्प्शन मिळून पुढच्या तीन परीक्षांत तो द्यावा लागला नसता. चार मार्क कोणी खाल्ले याचा शोध बहिणीनं लावला. एफएमची गणितं त्यानं घरी येऊन पुन्हा सोडवली होती, ती जवळपास सगळी जुळत होती. उरला एसएम. तिनं दादाकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, "दीड दिवसात लाइट गेले होते." वॉचमननं दुजोरा दिला.

आता मेची तयारी आहे. नवा कार्डशीट आलाय. मिक्सरची वेळ पुन्हा ठरली.

मागच्या रविवारी माझी एक मुदत ठेव संपत होती. पुन्हा ठेवावी, म्युच्युअल फंडात घालावी, की घराचं उरलेलं कर्ज फेडावं, अशा पेचात मी होतो. म्हटलं, घरचा माणूस आहे, विचारू. दोन तास तो माझ्याशी बसला. तिन्ही पर्यायांची आजची किंमत काढली, माझ्या कराचा टप्पा विचारला, महागाई धरली, मग न धरता पुन्हा काढलं. तीन कागद भरले. जीटी किती वेळा वाजलं ते मोजलं नाही. चहा दोनदा झाला. उत्तरं त्यानं दुहेरी रेघ मारून चौकटीत लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

"छान," मी म्हटलं. "मग आता मी काय करू?"

त्यानं कागद माझ्याकडे सरकवले.

"काका, निर्णय एसएममध्ये येतो. ते मी अजून वाचलं नाही."