चार इंची पाईपमधील रहिवाशास जाहीर नोटीस

प्रति,
श्री. लिंट (ऊर्फ कपड्यांतून सुटणारा तंतूंचा कचरा),
मुक्काम: ड्रायरमागचा चार इंची पाईप, तळघर, न्यू जर्सी

विषय: बळकावलेली जागा रिकामी करणेबाबत

महोदय,

स.न.वि.वि. आपली गाठ रोज पडते, तरी पत्र लिहायची वेळ यावी हे बरं दिसत नाही. पण आपण तोंडी ऐकत नाही, म्हणून हा जाहीर मार्ग.

आपल्याला जागाच दिली नव्हती असं कोणी म्हणू नये. ड्रायरच्या दाराशी एक बारीक जाळी आहे, ती आपल्याच नावावर. प्रत्येक लोडनंतर आपण तिच्यावर थर करून बसायचं, आम्ही तो बोटानं गुंडाळून कचऱ्यात टाकायचा, असा साधा व्यवहार ठरला होता. आपण जाळीतून निसटलात, पंख्यापाशी गेलात, पंख्यातून पाईपमध्ये आणि पाईपमधून कोपराच्या वळणावर. गिरगावातला पागडीचा भाडेकरू गॅलरी बंद करून खोली वाढवतो, त्याला निदान चारचौघांची लाज असते. आपण भिंतीच्या आत वाढलात, त्यामुळे तीही नाही.

आपलं खानदान आम्हाला ठाऊक आहे. भारतातून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत सोलापुरी टॉवेल असतात, आणि नवा सुती टॉवेल पहिले काही लोड आपल्यासारखी प्रजा मुक्तहस्ते सोडतो. परवा भिंतीजवळचा पाईप सुटा केला तेव्हा आत आपला नमद्यासारखा थर निघाला. वरून राखाडी, सोलून पाहिला तर मधे जीन्सची निळी पट्टी, खाली कुठल्याशा नव्या बेडशीटची लाल. घरातल्या धुण्याचा एवढा पद्धतशीर इतिहास आमच्यापैकी कोणीही लिहून ठेवलेला नाही, त्याबद्दल अभिनंदन.

आता तक्रारीकडे वळतो. एरवी पाऊण तासात वाळणारी जीन्स हल्ली दीड तासानंतरही कमरेच्या पट्टीला ओली निघते. घरातले सगळे ड्रायरच्या नावानं बोटं मोडतात. कॉइल गेली असेल, यंत्र जुनं झालं, सेल लागलाय तर नवंच घेऊ. आपण पाईपमध्ये पाय पसरून हे सगळं ऐकत असता. कपडे नुसत्या उष्णतेनं वाळत नाहीत, दमट हवा बाहेर जावी लागते, ही गोष्ट यंत्र विकणारा सांगत नाही आणि आपण तर नाहीच नाही. कॉइल बिचारी पाच हजार वॅटच्या आसपास तापून आपलं काम करते. तिची वाफ आपण दारातच अडवता आणि ड्रम तीच ओली हवा घुसळत बसतो.

सगळ्यात वाईट वागणूक आपण थर्मल फ्यूजला दिलीत. बोटाच्या पेराएवढी ती वस्तू. हवा कोंडून आतली उष्णता मर्यादेबाहेर गेली की ती स्वतः जळते आणि वीज तोडते, एकदाच आणि कायमची. काही यंत्रांत त्यानंतर ड्रम फिरतो पण गरम होत नाही, काहींत यंत्र सुरूच होत नाही. आमच्याकडे एक मेकॅनिक आला, फ्यूज बदलला, पैसे घेतले, पाईपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. व्हायचं तेच झालं, नवा फ्यूजही गेला. साक्षीदार बदलून खटला मिटत नाही, पण बिल मात्र दोनदा येतं.

आपले साथीदारही आम्हाला माहीत आहेत. पहिला तो चंदेरी वर्खाचा घडीचा पाईप. स्वस्त, कसाही वाकणारा, आणि प्रत्येक घडीत आपल्यासाठी एकेक खोली असलेला. दुसरे स्क्रू. पाईपचे जोड स्क्रूनं आवळले की त्यांची टोकं आत येतात आणि आपण त्यांना लोंबकळून संसार थाटता. जोडांना धातूची टेप लावायची असते. तिसरी म्हणजे पक्षी आत येऊ नयेत म्हणून बाहेरच्या तोंडाला कोणा हौशी माणसानं बसवलेली जाळी. पक्षी आले नाहीत, आपण मात्र तिथंच अडकून राहिलात. इथल्या घरबांधणीच्या नियमांत साधारण ३५ फुटांपेक्षा लांब पाईप चालत नाही, आणि काटकोनातल्या प्रत्येक वळणामागे त्यातले ५ फूट कमी धरायचे असतात. हे वाचून आमच्या बिल्डरला हसू येईल.

इथवर थट्टा. पण अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००८ ते २०१० या वर्षांचा हिशोब मांडला, त्यात ड्रायरमुळे घरांना लागणाऱ्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या, आणि सर्वांत मोठं कारण, ३४ टक्के, साफसफाई न करणं. त्यात आपला हात किती हे आपण जाणता.

न्यायाला धरून हेही सांगतो की काही गुन्हे आपले नाहीत. इथल्या इलेक्ट्रिक ड्रायरची कॉइल २४० व्होल्टवर चालते आणि मोटर १२० वर, त्यामुळे दुहेरी ब्रेकरची एकच बाजू गेली तर ड्रम आनंदात फिरतो आणि कपडे थंडगार राहतात. ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणं हा फुकटचा उपाय आधी करावा. मोटर नुसती गुणगुणते आणि ड्रम हातानं भलताच सैल फिरतो, तेव्हा पट्टा तुटलेला असतो. धाडधाड आवाज बहुधा झिजलेल्या रोलरचा. कपडे ओले असताना यंत्र ‘वाळले’ म्हणून थांबतं, त्याला ड्रमजवळच्या दोन धातूच्या पट्ट्या जबाबदार, आणि त्यांना वास येणाऱ्या ड्रायर-शीटचं मेण. स्पिरिटनं पुसल्या की शुद्धीवर येतात. तेच मेण आपल्या जाळीवरही बसतं, दिसत नाही. जाळीवर पाणी ओतावं; थेंब वर साचून राहिले तर साबण आणि ब्रश घ्यावा.

आमच्या आईचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, वलणी बांधा. तिला सोसायटीचे नियम दाखवले. बाहेर कपडे वाळत घातले की परिसराची शोभा जाते म्हणे. फ्लोरिडात अशी बंदी घालू देत नाहीत, पण दोन दांड्यांसाठी कोणी फ्लोरिडाला बिऱ्हाड हलवत नाही. १९३८ मध्ये विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीनं घरगुती ड्रायर बाजारात आणला, त्याचं नाव ‘जून डे’. जूनचं ऊन घरात, अशी कल्पना. कोकणातल्या कोणाला विचारलं असतं तर नाव बदललं असतं.

तर नोटीस अशी. येत्या शनिवारी प्लग काढून यंत्र भिंतीपासून ओढलं जाईल. लांब दांडीचा ब्रश दोन्ही टोकांनी घातला जाईल. घडीचा पाईप जाऊन गुळगुळीत पत्र्याचा येईल, बाहेरची जाळी निघेल, फक्त झडप राहील, आणि हे दरवर्षी होईल. दारातली जाळी पूर्वीप्रमाणे आपलीच.

आपला नाइलाजाने घरमालक

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या शेजाऱ्यांना विनंती: ड्रायर चालू असताना एकदा बाहेर जाऊन भिंतीवरच्या झडपेपुढं हात धरा. झडप धड उघडत नसेल आणि हवा जेमतेम लागत असेल, तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी पाईप उघडा.