सहा वाघ काय कामाचे?

सहा जणांचा संघ बांधायचा आणि त्यात सहाच्या सहा वाघ घ्यायचे, ही कल्पना पुण्या-मुंबईच्या पोरांना सुचली तर मी समजू शकतो. त्यांनी वाघ जिप्सीत बसून पाहिलेला असतो, आणि जिप्सीतून तो फार देखणा दिसतो. पण भामरागडच्या पोरांनीही पहिल्या झटक्यात तेच केलं, तेव्हा मला आमच्या शिकवण्याबद्दल शंका आली. पोकेमॉनच्या खेळातला वाघ म्हणजे चरिझार्ड. केशरी, पंखवाला, तोंडातून आग ओकणारा. आमच्या वसतिगृहातल्या प्रत्येक संघात तो होता आणि एका संघात तर तो सहा वेळा होता. एका जातीचा एकच घेता येतो, असा नियम मी सांगितला. त्यावर त्या संघाच्या मालकाने पाच चरिझार्डांची नावं बदलून आणली.

आमच्याकडे हा खेळ कागदावर चालतो. कारण पर्लकोटा. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर भामरागड वसलं आहे, हे भूगोलाच्या तासाला फार रम्य वाटतं. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहायला लागली की आधी रस्ता जातो, मग वीज जाते, मग टावर जातो. टावर गेला की मोबाइलवरची लढाई जिथल्या तिथे गोठते. कुणाचा तरी हल्ला हवेत अडकून राहतो आणि पुढचे काही दिवस ‘मीच जिंकलो असतो’ यावर मारामाऱ्या होतात. शेवटी पोरांनी सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या, लुडोमधला फासा काढला आणि मला फळ्यावर तक्ता काढायला लावला. आग, पाणी, गवत, वीज, बर्फ, दगड, जमीन, भूत, ड्रॅगन असे एकूण अठरा प्रकार. कुणाचा कुणावर दुप्पट परिणाम, कुणाचा अर्धा, कुणाचा शून्य. अठरा गुणिले अठरा म्हणजे 324 खाने. सतराचा पाढा ज्यांना आजन्म येणार नाही असं गणिताच्या सरांनी लिहून दिलेलं होतं, त्या पोरांनी हे 324 खाने पाठ केले. सरांनी वर्गाच्या दारातून तक्ता पाहिला आणि काही न बोलता निघून गेले.

नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येकाने सहा प्राणी निवडायचे. प्रत्येक प्राण्याला चारच डाव येतात. जपानी कंपनीच्या अधिकृत जागतिक स्पर्धेत सहांपैकी चार उतरवतात आणि एका वेळी दोघे मैदानात असतात. आम्ही मात्र सहाही उतरवतो, कारण आम्हाला कुठे जायचं नसतं. पूल बंद असतो.

चरिझार्डवाल्या मालकाला सुधारण्याचा पहिला प्रयत्न मी केला. त्याला म्हटलं, बाबा, निरनिराळे घे. त्याने निरनिराळे आणले: चरिझार्ड, मोल्ट्रेस आणि टॅलनफ्लेम. तिन्ही दिसायला वेगळे, तिन्ही आगीचे, तिन्ही उडणारे. दगडाचा मार आगीवर दुप्पट आणि उडणाऱ्यावर दुप्पट, म्हणजे या तिघांवर चौपट. आता हे त्याला कसं समजवावं? मी फळ्यावर गुणाकार मांडायला लागलो तेवढ्यात नववीतली एक पोरगी मागच्या बाकावरून म्हणाली, “सर, हे तिघं एकाच देवाचे आहेत.”

वर्गाला एका वाक्यात कळलं. माझ्या शहरी वाचकांसाठी मला जरा जास्त शाई खर्चावी लागेल. माडिया-गोंड समाजात घराणी देवांच्या संख्येवरून ओळखली जातात. कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. एकाच संख्येचे सगळे एकमेकांचे भाऊ; त्यांच्यात सोयरीक होत नाही, ती दुसऱ्या देवांच्या घरात शोधावी लागते. पोरीचं म्हणणं सरळ होतं. भाऊ-भाऊ तिघं घेतलेस, आता ज्याला एकाला पाडता येतं त्याला तिघांनाही पाडता येईल. सोयरीक करायची तर दुसऱ्या देवांचा बघ. संतुलित संघ कसा बांधावा यावर जगभरच्या जाणकारांनी जे लांबलचक लिहिलं आहे ते मी बरंच वाचलं आहे. इतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

या पोरीचे वडील उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर हिशेबाला असतात. सत्तर पानांचा एक पुडा, आणि पान एक कमी भरलं तर ते तिला लांबून दिसतं. खेळात प्रत्येक प्राण्याला वाढीचे 510 गुण वाटून देता येतात आणि एका ठिकाणी 252 च्या वर घालता येत नाहीत. बाकीची पोरं सगळे गुण हल्ल्यात ओततात, उरलेलं पाण्यात जातं. ही पोरगी पेन्सिलीने हिशेब मांडते, खोडते, पुन्हा मांडते आणि समोरच्यापेक्षा एकाच गुणाने आधी पळेल इतकाच वेग ठेवून बाकीचे गुण जिवात टाकते. वर विचारते, “जास्त पळून काय करायचं सर?”

तक्त्यावरून एक मोठा वाद झाला तो मुंग्यांचा. कीटक प्रकाराचा मार सात प्रकारांपुढे अर्धा पडतो: आग, विष, पोलाद, भूत, उडणारे, कुस्तीवाले आणि परी. हे वाचून वर्ग खवळला. इथल्या झाडांवर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असतात. त्यांची चटणी होते आणि झाडावर चढलेल्या माणसाचीही. एका पोराने उभं राहून सांगितलं की ज्याने हा तक्ता केला त्याला लाल मुंगी चावलेली नाही. मी म्हटलं, अरे, हा खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळ माचिदाला किडे गोळा करत हिंडायचा, पोरं त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणायची. त्या छंदातूनच 1996 साली पहिला पोकेमॉन आला. पोरगा म्हणाला, “मग किडे गोळाच केले असतील, झाडावर चढला नसेल.” परीपुढे मुंगी अर्धी कशी, याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. वर्गाने ठराव करून तेवढा खाना पुसला.

आता स्टाफरूमकडे वळू. या खेळातली खरी करामत मारण्यात नसून बदलीत आहे. समोर विजेचा प्राणी आला की आपला पाण्याचा प्राणी माघारी घ्यायचा आणि जमिनीचा पुढे करायचा. जमिनीवर विजेचा परिणाम शून्य. आपली एक पाळी जाते, पण जीव वाचतो. हे तत्त्व पोरांना पटवायला दिवस गेले, कारण माघार घेणं त्यांना पळपुटेपणा वाटतो. स्टाफरूममध्ये ते चहा निवायच्या आत पटलं. नक्षलग्रस्त भागाची एकस्तर वेतनश्रेणी घेत सगळे इथे कसे दिवस काढतात, हे जिल्ह्यात नोकरी केलेल्याला सांगायला नको. एका सहकाऱ्याने विचारलं, “ही बदली विनंती की प्रशासकीय?” म्हटलं, अर्ज नाही, शिफारस नाही, त्याच पाळीत होते. ते फार वेळ त्या चिठ्ठीवरच्या चित्राकडे पाहत राहिले. मग मी गॉथिटेलची चिठ्ठी दाखवली. हिच्या अंगी अशी विद्या असते की ती समोर उभी असेपर्यंत समोरच्याला बदलीच घेता येत नाही. “हिला ओळखतो मी,” असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला.

आमचे शिपाईमामा सिरोंचाकडचे. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी-झाडीची मिसळ. लढणाऱ्या प्राण्यांच्या विषयात या शाळेत खरा अधिकार त्यांचा, कारण आमच्या जिल्ह्यात कोंबडबाजार ही जुनी गोष्ट आहे. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधतात, झुंज लावतात, पैसे लावतात, आणि मग ‘कोंबडबाजारावर धाड’ अशी बातमी येते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा आहे; मामा म्हणतात, आपण तर ते सगळं कधीच सोडलं. कधी, ते सांगत नाहीत. आमचा खेळ त्यांनी खिडकीतून बराच वेळ बघितला आणि विचारलं, “काहून जी सर, सहा-सहा जनावरं एकाच मालकाचे? मंग हारते कोन?”

मी म्हटलं, सहाही पडले की मालक हरतो.

“म्हंजे पाच पडले तरी मालक हासतच राह्यते,” मामा म्हणाले. त्यांना हे नीतीला धरून वाटलं नाही. कोंबडबाजारात एकच कोंबडा, एकच झुंज, आणि हरलेला कोंबडा संध्याकाळी जिंकणाऱ्याच्या घरी शिजतो. आमच्याकडे पडलेले प्राणी खेळ संपला की दवाखान्यात नेऊन ठणठणीत करतात. मला विचाराल तर या एका मुद्द्यावर जपान्यांनी आपल्यावर मात केली आहे.

पण मामांचा पुढचा प्रश्न मला गप्प करून गेला. “आज वार कोन्ता?” त्यांच्याकडे, म्हणजे गोदावरी-प्राणहितेच्या पलीकडच्या तेलुगू मुलखात, झुंजीच्या कोंबड्यांचं कुक्कुटशास्त्रच आहे. पिसांच्या रंगावरून कोंबड्यांच्या जाती: काकी काळा, डेगा तांबडा, नेमली मोरासारखा. कुठल्या वारी, कुठल्या नक्षत्रावर, कुठल्या रंगाचा कोंबडा कुठल्या रंगावर भारी पडेल, आणि त्याला कुठल्या दिशेने सोडायचा, हे सगळं त्यात ठरलेलं. ताजिरींच्या कितीतरी आधीचा हा तक्ता, आणि वर त्यात पंचांग. मी मामांना सांगितलं की आमच्या खेळातही तसं काहीतरी आहे: हवामान. पाऊस पडत असला की पाण्याचा मार दीडपट, आगीचा अर्धा, आणि एरवी दहात तीनदा हुकणारी वीज तेव्हा हुकतच नाही. मामांनी बाहेर पाहिलं. पर्लकोटेचा आवाज शाळेपर्यंत येत होता. “मंग हे पोट्टे आगीचे कायले घेऊन बसले?”

खरंच कशाला? पावसावर बांधलेला संघ ही या खेळातली जुनी, नावाजलेली पद्धत आहे. पेलिपर नावाचा पेलिकनसारखा पक्षी मैदानात उतरला की आपोआप पाऊस सुरू होतो. त्या पावसात लुडिकोलोसारखे काही पाणप्राणी दुप्पट वेगाने पळतात. पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये असा आपोआप आलेला पाऊस एकदा लागला की थांबतच नसे. लोकांनी फार तक्रारी केल्या, काही स्पर्धांत बंदी आली, आणि 2013 च्या आवृत्तीपासून तो पाच पाळ्यांवर आणला. एक ओला दगड जवळ बाळगला तर आठ. जुलैतल्या भामरागडकराला विचाराल तर जुना नियमच वास्तवाला धरून होता.

त्या पोरीने मामांचं ऐकलं. तिचा संघ असा: पेलिपर, लुडिकोलो, फेरोथॉर्न, गार्चोम्प, ब्लिसी आणि पाचिरिसू. कागदावर खेळण्याचा फायदा हा की जुन्या-नव्या आवृत्त्यांचा हिशेब कुणी मागत नाही. पेलिपरला वीज चौपट लागते, म्हणून विजेला शून्यावर आणणारा गार्चोम्प. फेरोथॉर्न हा पोलादी काटेरी गोळा; शिवेल त्यालाच इजा होते. पोरांनी त्याच्या चिठ्ठीवर साळिंदर काढलं, ते अगदी बरोबर, साळिंदराच्या नादी लागून बिबट्यांनी आणि वाघांनीही जीव गमावले आहेत. या साळिंदराला आग चौपट जाळते, पण पावसात आग अर्धी. म्हणजे पेलिपर फेरोथॉर्नला सांभाळतो, गार्चोम्प पेलिपरला सांभाळतो. ब्लिसी ही गुलाबी, गुबगुबीत बाई. हल्ल्याचा आकडा 10 आणि जिवाचा 255. कुणालाही मारत नाही, कुणाकडून मरत नाही. अशी एक व्यक्ती प्रत्येक कार्यालयात असते आणि कार्यालय तिच्यावरच चालतं.

राहिली पाचिरिसू. विजेची एक चिमुकली खार. तिला संघात पाहून वर्ग हसला. चरिझार्डवाला तर बाकावर लोळला. तेव्हा मी 2014 ची गोष्ट सांगितली. वॉशिंग्टनला जागतिक स्पर्धा भरली होती, भलेभले अक्राळविक्राळ प्राणी घेऊन आले होते, आणि दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क ही खार घेऊन आला. तिचं काम एकच: ‘माझ्याकडे बघा’ म्हणून पुढे व्हायचं, समोरच्यांचे हल्ले स्वतःवर ओढून घ्यायचे, तेवढ्यात जोडीदाराने काम उरकायचं. सेजुन पार्क जगज्जेता झाला. त्याच्या संघात गॉथिटेलही होती; ते मी स्टाफरूममध्ये सांगितलं नाही. पोरगी म्हणाली, “शेकरू पण खारच आहे ना सर? मग सरकारने बरोबर केलं.” राज्यप्राणी म्हणून शेकरू निवडण्याचं इतकं सामरिक समर्थन वनखात्यालाही सुचलं नसेल.

हे सगळं जिथे चालतं तिथून हेमलकसा अगदी जवळ. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू डॉक्टरांनी मागून घेतलं, तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. त्यातल्या नेगल नावाच्या बिबट्यावर विलास मनोहरांनी पुस्तक लिहिलं. आमच्या पोरांना ती जागा पाठ आहे. एकदा मी सहज विचारलं की तिथल्या प्राण्यांचा सहांचा संघ करायचा तर कोण कोण घ्याल? बिबट्या, अस्वल, मगर, साळिंदर अशी नावं भराभर आली. अस्वलाला सगळ्यांनी वाघाच्या वर ठेवलं; मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्यांच्या घरची पोरं ती, त्यांना माहीत आहे कुणाला भ्यायचं. पोरगी तेवढी गप्प होती. विचारलं तर म्हणाली, “ते लढत नाहीत ना सर. त्यांना घेऊन काय उपयोग?”

सध्या वसतिगृहात तिला कुणी हरवू शकत नाही. चरिझार्डवाल्याने आता सहा पेलिपर केले आहेत. तुमच्याकडे याहून चांगला संघ असेल तर जरूर आणा, पण दिवाळीनंतर या. रस्ता तेव्हा चालू असतो. खेळ मोबाइलवर घेणार असाल तर आलापल्लीतच उतरवून घ्या, पुढे टावरचा भरवसा नाही. आणि येताना एक फासा आणा. आमच्या फाशावरचा सहाचा आकडा झिजला आहे.